बारा व्होल्ट

कचऱ्याच्या गाडीवाल्याने कॅबिनेट हातात घेतलं,
गाडीचे सगळे खाने पाहिले,
ओला, सुका, काच, आणखी कसले कसले,
आणि परत माझ्याकडे दिलं.
"ताई, हे कशात टाकू?"
मलाही सांगता येईना.
अकरा वर्षं त्याच्यात
अर्ध्या रामबागेच्या लग्नपत्रिका जुळवल्या मी.
'आमचे येथे श्रीकृपेकरून' किती वेळा, ते त्यालाच ठाऊक.
आता पत्रिका फोनवर येतात,
गणपती हलतो, सनई वाजते,
शुद्धलेखन कुणी विचारत नाही.

चार स्क्रू काढले. आत पंखा,
तळहाताएवढा, सात पात्यांचा,
धुळीची गोधडी पांघरून निजलेला.

घरात ऊन नाही.
समोरच्या शुक्लांनी दोन मजले चढवले तेव्हापासून
माझी टोमॅटोची रोपं ट्यूबलाइटखाली,
श्रीखंडाच्या डब्यांत.
उंच झाली, भराभर, सुतळीसारखी,
आणि आठव्या दिवशी बुडाशी चिमटा काढल्यागत
एकेक आडवं झालं.
मातीवर पांढरी लव.
वरच्या मजल्यावरचे फणसे, कृषी महाविद्यालयातून निवृत्त,
चष्मा कपाळावर नेत म्हणाले,
"पाणी कमी करा. आणि वारा द्या.
वारा नसला की रोपाला
उभं राहायचं काही कारणच उरत नाही."

छताचा पंखा एकवर नुसता कण्हतो,
दोनवर सगळ्यांना झोपवतो.

म्हणून जेलरोड.
काउंटरवरचा नावेद, वय असेल एकोणीस,
पंखा हातात फिरवत म्हणाला,
"आंटी, सीधे दीवार में मत ठूँसना."
भिंतीत दोनशे तीस, याला लागतात बारा.
मधे कुणीतरी पाहिजे.
हे मला लगेच कळलं.
लग्नातही असतोच की एक मध्यस्थ,
ज्याचं नाव पत्रिकेत कुठेच नसतं.

माझा मध्यस्थ निघाला जुन्या राऊटरचा अडॅप्टर.
त्याच्या पोटावरची बारीक अक्षरं
भिंगाखाली तपासली, प्रूफ तपासावं तशी:
बारा व्होल्ट, एक अँपिअर.
पंख्याला हवं त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी.
"चलेगा. व्होल्ट बरोबर हवेत,
अँपिअर जास्त असले तरी तो लागेल तेवढेच घेतो."
मला अशी वऱ्हाडी मंडळी आठवेनात.

प्लग काढून ठेवला, तारा सोलल्या.
लाल, काळी, पिळून टेप.
बटण दाबलं. काही नाही.
उलट्या जोडल्या होत्या. पुन्हा.
या वेळी तो दचकला, आणि लागला.

एक पिवळी तार उरली.
ती वेग सांगते, नावेद म्हणाला होता, मदरबोर्डला.
मदरबोर्ड तर गेला.
मग आता कुणाला सांगेल?
त्याने खांदे उडवले.
मी तिचं टोक दुमडून टेपने बांधलं,
जरा सैलच.

न खपलेल्या कोऱ्या पत्रिकांच्या गठ्ठ्यावर पंखा उभा आहे.
नव्याने पेरलेली रोपं दिवसभर
मान हलवतात, नाही, नाही, नाही,
आणि देठ धरतात.
परवा एकाला हात लावला,
बुडाशी जांभळट, बारीक केसाळ,
बोटांना तो उग्र हिरवा वास.
दुपारी आवाज अगदी दुकानातला.
मशीन चालू, गिऱ्हाईक नाही.
डुलकीत वाटतं, कुणाचं तरी प्रूफ राहिलंय.

काल रात्री लाइट गेली.
पाती आणखी थोडी फिरली, मग दिसायला लागली,
एक, दोन, सात.
रोपं स्तब्ध.
तासाभराने काय होणार होतं? काही नाही.
तरी उठले,
गठ्ठ्यातली एक कोरी पत्रिका ओढली
आणि अंधारात वारा घालत बसले,
कुणाच्या तरी नावाची जागा मोकळी असलेली ती पत्रिका,
डावीकडून उजवीकडे.

तीन वाजून दहा मिनिटांनी पंखा लागला.
हात काही लगेच थांबला नाही.