तुकडा

बामणोलीहून सुटलो तेव्हा मागची धार पडत होती,
निदान मला तरी तसं वाटलं.
कांदाटीच्या तोंडाशी आलो
आणि काटा लाल पट्टीला टेकला.
त्याआधी वास आला होता, रबराचा,
चुलीवर विसरलेल्या तव्याचा.
"लाँच का गप्प झाली?" निर्मलाताईंनी विचारलं.
मीच बंद केली होती.

चहूकडे पाणी
आणि इंजिन पाण्यावाचून तापलेलं,
लग्नघरात कुणी उपाशी राहावं तसं.

ताईंच्या मांडीवर लसीचा निळा डबा.
आत बर्फाच्या चार पट्ट्या,
झाकणावर चिकटवलेली पल्याडच्या अकरा पोरांची नावं.
"हे दोन ते आठ डिग्रीत राहायला पाहिजे,"
त्या म्हणाल्या.
माझं शंभराच्या घरात.
"किती वेळ लागंल?"
"निवेपर्यंत."
त्यांनी पदर डब्यावर ओढला,
डब्याला ऊन लागू नये म्हणून. स्वतः उन्हातच.

गेनूमामा सांगतात,
तापल्या इंजिनाचं अन् तापल्या माणसाचं
टोपण लगेच उघडू नये,
आधी एक विडी ओढावी.
मी ओढत नाही.
म्हणून नुसताच पाण्यात हात सोडून बसलो,
वरचं पाणी कोमट, बोटांच्या टोकांना गार.

मग जाळी काढली.
मे महिन्यात धरण उतरतं, गाळ वर येतो.
मूठभर शेवाळ निघालं, वेफर्सची पिशवी निघाली,
मला वाटलं झालं. चालू केलं.
धार नाही.
पट्टा दाबून बघितला, जेवढा दबावा तेवढाच दबला.
पंपाचे चार स्क्रू,
त्यातला एक गंजलेला, एक हातातून निसटून
तळाच्या काळ्या पाण्यात गेला.
आत इंपेलर, साताऱ्याहून आणलेला, कोरा,
सहाच्या सहा पाकळ्या शाबूत.

तेव्हाच कळलं मला.
ताईंना सांगितलं नाही.

शिमग्याच्या आसपास जुना इंपेलर काढला होता
तेव्हा त्याला पाचच पाकळ्या होत्या.
वर धक्क्यावर मामा उकिडवे बसलेले,
"सहावी कुठाय? तुकडा मिळाला का?"
मेढ्याला कबड्डीचा सामना होता, एसटी लागलेली.
"मिळाला," म्हणालो.
मामांना ऐकू येत नाही, ते ओठ वाचतात.
ओठांवर होतं ते त्यांनी वाचलं,
आणि मान हलवली.

खालचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला,
नाहीतर अख्खं शिवसागर आत आलं असतं.
पाइप सोडवला. कोपरात बोट जाईना.
तार नव्हती, काडी मोडली.
ताईंनी न विचारता अंबाड्यातली पिन काढून पुढे केली,
केस सुटले, ते दातात धरून बसल्या.

चिंचोक्याएवढा.
तीन महिने त्या वळणात बसून होता,
उभा असला की पाण्याला वाट द्यायचा,
आज आडवा झाला.

व्हॉल्व्ह उघडला. तीन स्क्रूंवर पंप बसवला. चावी.
आधी थुंकल्यासारखं, मग खोकल्यासारखं,
मग बाजूच्या नळीतून सरळ धार.
"लघवी झाली बघ," ताई म्हणाल्या, "आता ताप उतरंल."
पल्याड दहाच पोरं सापडली,
अकरावं आईबरोबर मुंबईला गेलेलं.
बर्फाच्या पट्ट्यांत अजून थोडा कडकपणा होता.

संध्याकाळी धक्क्यावर मामा होतेच.
मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी तो उलटा केला, अंगठ्यानं चोळला,
माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
"मिळाला," म्हणालो.
शब्द तोच.

तंबाखूच्या पुडीशेजारी, खिशात टाकला त्यांनी.
बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले.
मग म्हणाले,
"अन् ती पिन?
हातात हाय तुझ्या. बाईंची दिली नाहीस व्हय?"