वगळलेल्या ओळी

महापे, पहाटेचे पावणेतीन.
नमुना चारशे सात:
पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी, अर्धा चमचाही नाही.
हसुराम तांडेल, एकावन्न, दिवाळे कोळीवाडा.
एकोणीस दिवस ताप.
मलेरिया नाही, डेंगी नाही, टीबी नाही,
बशीत काहीच उगवलं नाही.

यंत्र वाचत बसलंय. अक्षरं चारच,
ओळी मात्र लाखो,
आणि बहुतेक सगळ्या हसुरामच्याच.
त्याच्या आज्याचं नाक असेल त्यात,
आईच्या आईचे घारे डोळे.
मला त्या वगळायच्या असतात.
एक कळ दाबली की माणूस जातो,
दुखणं उरतं.

सत्तेचाळीस ओळी उरल्या.
लेप्टोस्पायरा.
उंदराचं मूत, खाडीचा चिखल, टाचेची भेग.

वाशीला फोन लावला.
"म्हणजे पेनिसिलिन?" डॉक्टर कुरुंभटे म्हणाल्या,
"साधं पेनिसिलिन?"
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

पंधरवड्याने कागद न्यायला त्याची बायको आली.
उलटा केला, सुलटा केला.
"यान त्यांचा काय हाय?"
म्हटलं, नाव, वय, पत्ता.
बाकी सगळं त्यांचं नसलेलं.
"मंग बरा," म्हणाली,
आणि सुक्या जवळ्याची पुडी काउंटरवर ठेवून गेली.

फिनेलने दोनदा पुसलं.
वास आहे अजून.