पांढरं

कॅमेरा विचारतो, पांढरं म्हणजे काय ते दाखव.
सेलूत शिकवणारं कुणी नव्हतं.
बोंडातला कापूस धरला भिंगासमोर,
हॅलोजनचा पिवळा उतरला
आणि मांडव मांडवासारखा दिसला.

तेव्हापासून खिशात चिमूटभर कापूस.
बॅटरी उसनी,
ट्रायपॉडचा एक पाय सुतळीनं आवळलेला,
जेवण शेवटच्या पंगतीत, वाजंत्र्यांसोबत.

मानवतला नवरीचा चुलता कानाशी आला,
"पोरगी जरा उजळ कर की रं."
पहाटेपर्यंत एडिटिंगला बसलो.
एका बटणाचं काम होतं.
ती तशीच ठेवली,
काळीभोर, हळदीत हसणारी.

चुलत्यानं दोन हजार कापले. लेन्सचा हप्ता चुकला.
पंधरा दिवसांनी सासरहून तिचा फोन.
विशेष काही बोलली नाही,
पेनड्राइव्हची अजून एक कॉपी हवी म्हणाली,
स्वतःपुरती.