सावकाश

पंतनगरात राक्षेकाकांच्या लाँड्रीत
कप्पे चारच.
आज. उद्या. आठवड्यात.
चौथ्यावर खडूनं: सावकाश.

"यातल्यांना तारखेनं लावत नाही?"
"कशाला? निम्म्याहून जास्त लोक
मुदतीआधीच पावती घेऊन हजर.
रोज वरखाली करत बसलो
तर इस्त्री कधी करू?"

रात्री दोनला ऑफिसात
माझ्या कर्नेलमध्ये लाखभर टायमर
मोठ्या चाकावरून लहान चाकावर उतरत होते,
आणि उतरता उतरताच रद्द होत होते.
ज्याची वाट पाहायची ते उत्तर
केव्हाच येऊन गेलेलं.

मी ती उतरंडच काढली.
जो जितका लांब, त्याचा कप्पा तितका ढोबळ;
तासाभराची वाट पाहणाऱ्याला
चार मिनिटं उशीर चालतो.
लवकर मात्र वाजायचं नाही.
एवढी एकच अट.
दोनशे ओळी पुसल्या. प्रोसेसर झोपला.

शनिवारी चादरी आणायला गेले
तर काका 'सावकाश'मधली एक शेरवानी
झटकत होते. पावती मार्चची.
"हिची भरली," म्हणाले,
आणि फोन लावला.

पलीकडे रिंग जात राहिली.
मी चादरी घेऊन उभीच,
मोजत.