दोन दासी

कळव्याची रात्रशाळा. तेराजणी, एक पंखा,
फळ्यावर माझ्या तिरक्या अक्षरात रोम.

प्रांताधिकारी सम्राटाला कळवतो:
ही माणसं उजाडायच्या आत जमतात,
गातात, पांगतात, पुन्हा येऊन एकत्र जेवतात,
साधंच काही, निरुपद्रवी.
खरं वदवायला दोन दासींना छळलं.
हाती काही लागलं नाही.

टिपून घ्या, म्हटलं, परीक्षेला येतं.

यमुना किणेनं पेन खाली ठेवलं.
घोडबंदरची चार स्वयंपाकघरं उरकून आलेली,
बोटांना हळद, गळ्यात अजून
नोकरांच्या लिफ्टचं कार्ड.
"सर, नावं?"
नाहीत. त्यानं लिहिलीच नाहीत.
"जेवल्याचं बरं लिहिलं."

खाडीचा वास आत आला. कुणीतरी खिडकी ओढून घेतली.

"भाकरी मोडून देताना तरी
हाक मारतच असतील त्यांना," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
"आम्हाला वर नुसतं बाई म्हणतात."

घंटा झाली. सगळा फळा पुसला,
'दोन दासी' तेवढं पुसवेना.

दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे
खडूनं ओढलेल्या दोन रेघा,
गाळलेल्या जागा भरा, असं म्हणताना
आपण ओढतो तशा.