हातचा पांढरा

इद्वाल पॅरी आला तेव्हा कोटाच्या आतल्या खिशात
एक फोटो होता, आणि तंबाखूची चपटी डबी.
डबीत तंबाखू नव्हता. केस होते,
काळे, पांढरे, कानामागचे थोडे तांबूस.
"रंग जुळवायला लागतील म्हणून."
ब्रशमध्ये अडकलेले होते. ब्रश टाकवत नव्हता.
नाव पेरो, म्हणाला, आणि पुढं काही नाही.

आमच्या बाला गावात, वेल्सच्या या डोंगरांत,
चित्रकाराकडे कुणी मुद्दाम जात नाही.
माझ्याकडे येतात ते दार हळू लोटून, खाली बघत,
दाताच्या डॉक्टरकडे यावं तसे.
हवेबद्दल बोलतात, मग तळ्याच्या पाण्याबद्दल,
मग म्हणतात, होता आमचा एक.

मी केस खिडकीत उजेडाला धरले.
काळा काळा नव्हताच. कधीच नसतो.
खाली गडद निळा, त्यावर जांभळा, मग करपलेला तपकिरी,
नऊ थर, दहा थर, पेन्सिलीला सारखं टोक काढत,
लव जिथं वळते तिथं मनगट वळवत,
नाकापासून कपाळावर, कपाळावरून मानेत,
कुरवाळताना हात जातो
त्याच वाटेनं.

पांढरा मात्र पेन्सिलीत नसतो.
पांढरा म्हणजे कागद; तो सुरुवातीलाच हातचा ठेवावा लागतो.
मिशांसाठी तर आधी, काहीच नसताना,
बोथट सुईनं कोऱ्या कागदावर दाबून रेघा ओढायच्या.
दिसत नाहीत.
मग वरून रंग फिरतो, खाचेत उतरत नाही,
आणि मिशा उगवतात,
कुणी काही केलंच नव्हतं अशा.

पाच आठवडे. शेवटी डोळे.
डोळ्यातल्या चकाकीत मी नेहमी माझीच खिडकी ठेवते,
चार काचांची, एवढीशी.
ती पडली की प्राणी बघायला लागतो.
पेरो बघायला लागला. सरळ माझ्याकडे.
त्या रात्री मी त्याच्यावर फडकं टाकून झोपले.

इद्वाल टोपी हातात घेऊन उभा राहिला. बराच वेळ.
"कान बरोबर. चीर बरोबर, तारेत फाटला होता.
केस न् केस बरोबर."
मग म्हणाला, "पण हा कोण?"

फोटो काढताना नातीनं
कॅमेऱ्याच्या वर बेकनचा तुकडा धरला होता म्हणे.
"एरवी माझ्याकडे तो बघायचा नाही.
तेरा वर्षं. मेंढ्यांकडे बघायचा.
मी शीळ घातली की एक कान मागं यायचा.
तेवढाच माझा."

मी दुसरा कागद घेतला.
पुन्हा खाचा, पुन्हा निळा, पुन्हा जांभळा.
या वेळी मान फिरवली, समोर उतार असावा तशी.
डोळ्यातली खिडकी काढली,
तिथं एक फिकट रेघ, डोंगराची धार म्हटली तर धार,
आणि खाली तीन ठिपके राखले, सुईच्या टोकाएवढे.
मेंढ्या म्हणा. कागद म्हणा.
उजवा कान मागं.

इद्वालनं बघितलं आणि शीळ घातली.
मुद्दाम नाही; ओठांतून हवा गेली एवढंच.
मग तो तळ्याच्या बाजूला बघत राहिला,
मी पेन्सिली उगाच लांबीप्रमाणे लावत बसले.
आधी डबी खिशात घातली, मग चित्र उचललं.
ओलसर नोटा मोजल्या, पहिल्याचेही द्यायला लागला.
मी नको म्हटलं.
"मग तो तुम्ही ठेवा," दारातून म्हणाला,
"तुमचाच आहे तो."

सिंकच्या वर लावलाय.
मी कप विसळते, तो बघतो.
बटाटे सोलते, बघतो.
या घरात बेकन येत नाही
हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.