हातचा

"निःपक्ष राहू शकाल का?"
वकिलाने ओळीने विचारलं, आम्ही ओळीने हो म्हणालो,
डॉक्टरला सांगतात ना, सिगारेट सोडली,
तसं.
फक्त व्हर्लीन स्टुकी उभी राहिली.
सांगता येत नाही, म्हणाली. माझी सून
त्याच इस्पितळात नर्स आहे,
आणि माझ्या लग्नात ऑर्गन आर्व्हिलानेच वाजवला होता.
दोन्हीकडून ओढ आहे, साहेब.
तिचे आभार मानले आणि घरी पाठवलं.
उरलो आम्ही बारा,
कशाचीच ओढ नसलेले, कागदोपत्री.

मी सातव्या खुर्चीत. पशुखाद्याचं दुकान आहे माझं,
ओझार्कच्या डोंगरात, दोन रस्ते मिळतात तिथे.
माझी तिन्ही पोरं त्याच इस्पितळात जन्मली.
कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

नऊ दिवस ऐकलं.
मनगटात अडलेलं रक्त. रात्री दोनचा फोन,
जो वाजत राहिला.
सकाळी सातला काळानिळा पंजा.
डॉक्टर हॅस्कँप खाली बघून बोलला,
दोन दिवस झोपलो नव्हतो, दुसरा डॉक्टर नाही इथे, नव्वद मैलांत.
राक्षस कुणीच निघाला नाही,
तिथेच सगळं अवघड झालं.

मग शहरातून हिशेबतज्ज्ञ आला.
चर्चमध्ये वाजवायचे पैसे मिळत होते?
नाही.
म्हणजे डाव्या हाताच्या कमाईचं नुकसान: शून्य.
ते शून्य त्याने फळ्यावर इतकं गोल काढलं
की आर्व्हिला टीगसुद्धा बघत राहिली,
उजव्या हाताने
रिकामी बाही सारखी करत.

न्यायाधीशबाईंनी बजावलं होतं:
आकड्यांची बेरीज करून बाराने भागायचं नाही,
तो निवाडा नव्हे, ती सरासरी.
दोन दिवस आम्ही भांडलो. एकजण रडला.
तिसऱ्या दिवशी कॉफी संपली आणि ड्वाइट एलरब्रॉक,
ज्याचा अंत्यविधीचा धंदा आहे आणि ज्याला
माणसांच्या दुःखात किंमत सांगायची सवय आहे,
म्हणाला, चिठ्ठ्या लिहा.
बेरीज माझ्याकडे आली, कारण मी दुकानदार.
एक चिठ्ठी कोरी. एकीवर एक कोटी.
मी रकाने मांडले, हातचे वर बारीक लिहिले,
हातचा एक, हातचे चार,
आणि त्या शब्दापाशी पेन्सिल अडली.
मग भागलं. बत्तीस लाख डॉलर.
बाहेर येऊन शपथेवर सांगितलं, विचार करून ठरवलंय.

महिन्याने पेपरात वाचलं:
राजधानीत कायदा आहे, जुनाच,
वेदनेला कमाल मर्यादा घालणारा. साडेचार लाख.
त्यापुढचं सगळं न्यायाधीशबाईंनी छाटलं, छाटावंच लागतं.
आणि पंचांना हे आधी सांगायचं नाही,
असंही त्याच कायद्यात.

कारणं आहेत, मला माहीत आहेत.
विम्याचे हप्ते परवडेनात म्हणून शेजारच्या काउंटीतला
बाळंतपणाचा वॉर्ड बंद पडला. बायका गाडीत बाळंत होतात.
मर्यादा नकोच, असं मी म्हणत नाही.
पण मग मला सांगायचं होतं.
माझ्या दुकानात काट्याची दांडी मी
आतून खिळा ठोकून अडवली असती
तर वजनमापवाल्याने शटरला सील लावलं असतं.
अर्थात आम्हीही कुठे धड तोललं?
बाराने भागलं.
व्हर्लीन आत असती तर भागू दिलं नसतं,
असं वाटतं कधी कधी. ठाऊक नाही.

परवा आर्व्हिला आली. कोंबड्यांचं खाद्य, दोन पोती,
आणि शिंपल्यांचा चुरा.
मी पोती गाडीत ठेवली. तिने ओळखलं होतं मला,
नऊ दिवस समोर बसलो होतो.
गल्ल्यावरचं यंत्र नेमकं बिघडलेलं,
म्हणून बिल पेन्सिलीने केलं.
पैशांच्या रकान्यातून एक उरला,
तो मी डॉलरच्या डोक्यावर लिहिला, नेहमीसारखा, बारीक.

ती वाकून बघत होती.
"तो कशाला?" तिने विचारलं.